महिपतरावांच्या पायगाडीचे मोठे चक्र

मनुष्याची योग्यता त्याचे पाय किती सावकाश हलतात यावरून ठरते. शिपाई धावतो, कारकून भरभर चालतो, हेडकारकून डुलत चालतो आणि साहेब खुर्चीत बसून पाय लांब करतो. ही व्यवस्था सरकारने केली की देवाने, याबद्दल त्या काळी ठाण्यात दोन मते होती. व्यवस्था चांगली आहे, याबद्दल मात्र एकच होते.

या व्यवस्थेत पायगाडीने, म्हणजे सायकलने, घोळ घातला. मैलदगड तपासणी कचेरीचे हेडकारकून महिपतराव यांनी बदलून गेलेल्या एका साहेबाची पायगाडी मोठ्या हौसेने घेतली होती. (मैलदगड तपासणी म्हणजे आग्रा रोडवरचा प्रत्येक दगड कालच्याच जागी आहे, असे वर कळवणे. दगड हलला तर काय करायचे याचा नियम नव्हता.) पायगाडीवर बसलेला माणूस कमरेच्या वर साहेब दिसे आणि कमरेच्या खाली शिपाई, कारण तेव्हाच्या पायगाडीचे चाक फिरू लागले की पायांनाही फिरावेच लागे. सडकेवर जरा वेग आला की महिपतरावांची पगडी संथ, उपरणे संथ, आणि पाय मात्र ताकातल्या रवीसारखे. मिठागरातल्या बायका तोंडाला पदर लावत. महिपतरावांना ते फार लागे.

आणि दिवस असे की मान जाऊन चालणार नव्हते. कचेरीत हेडकारकुनाच्या वरची शिरस्तेदाराची जागा रिकामी झाली होती. नवा साहेब कशेळीच्या नावेच्या धक्क्याअलीकडे आमराईत तंबू ठोकून बसला होता, आणि ज्यांना ती जागा हवी त्यांनी सोमवारी सकाळी तिथे हजर व्हायचे होते. या एका जागेकडे डोळे लावून महिपतरावांचे अर्धे केस पांढरे झाले होते. ती हुकली तर बरोबरीच्या प्रभाकरपंतांना जन्मभर ‘रावसाहेब’ म्हणावे लागणार, या विचाराने त्यांना घास गिळवेना.

नाथा लोहाराने उपाय काढला. पायडलापाशी जे दातेरी चक्र असते ते मोठे केले की पायाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते; वेग तोच, पाय निवांत. त्याने बशीएवढे चक्र काढून ताटलीएवढे बसवले आणि साखळीला दोन कड्या जोडल्या. खरे सांगायचे तर काम झकास झाले. माजिवड्यापर्यंत महिपतराव ओसरीवर बसल्यासारखे गेले. दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. पण महिपतराव हेडकारकून होते. ताटलीने पाय हेडकारकुनाचे झाले, तर त्याहून मोठ्या चक्राने ते शिरस्तेदाराचे होतील, असा हिशेब त्यांनी मांडला, आणि त्यात चूक काढता येत नाही.

“अजून मोठं करू?” नाथाने विचारले. त्याच्याकडे लोखंड पडूनच होते.

“कर.”

होता होता चक्र परातीएवढे झाले. (त्याहून मोठे जमिनीला लागले असते, म्हणून शास्त्राला तिथे थांबावे लागले.) आता सपाटीवर, वारा पाठीशी असला, तर पायाच्या एका फेऱ्यात सुपारी कातरून झाली असती. उणीव एकच राहिली. गाडी जागची हलत नसे. महिपतराव पायडलावर अख्खे उभे राहिले, तरी नाही.

त्यांच्या पत्नी गोदूबाई ओसरीवरून बघत होत्या. “अहो, टांगा करून जा ना.”

“टांग्यातून प्रभाकरपंतही येणार.”

“ते पोचतील,” गोदूबाई म्हणाल्या आणि डाळ निवडू लागल्या.

सोमवारी कचेरीचे दोन शिपाई, दगडू आणि पंढरी, गाडी ढकलायला घेतले. शिपायाने धावणे व्यवस्थेला धरूनच होते. नुसती सुरुवात करून द्यायची, पुढे गाडी आपली आपण धावेल, असे ठरले होते. पण खाडीवरून समोरचा वारा सुटला. हात काढला की गाडी थांबे.

“उचलूनच नेली असती तर लवकर पोचलो असतो,” दगडू म्हणाला.

“गप रे,” पंढरी म्हणाला, “ऐकतील आणि खरंच उचलायला लावतील.”

एवढ्यात प्रभाकरपंतांचा टांगा धूळ उडवत पुढे निघून गेला. इतक्या वर्षांचे सगळे पाण्यात गेले असे वाटून महिपतरावांचे डोळे भरले, आणि पुसायला हात सोडावा तर गाडी पडेल, म्हणून ते तसेच बसून राहिले.

प्रभाकरपंत वेळेवर पोचले होते. शेवटचा टप्पा तर, टांगा आमराईत शिरेना म्हणून, उतरून ते धावत आले होते आणि तंबूसमोर धापा टाकत उभे होते. महिपतराव आले तेव्हा वेळ टळून गेली होती. साहेबाने पाहिले: एक गृहस्थ पाय जेमतेम हलवत, पाणावल्या डोळ्यांनी दूरवर बघत सावकाश येत आहेत, आणि मागे दोन सरकारी शिपाई घामाने निथळताहेत. साहेबाला या देशाची चांगली माहिती होती. (तो मागच्या पावसाळ्यात आला होता.) धावत वेळेवर येतो तो कारकून, आणि निवांत उशिरा येतो तो शिरस्तेदार, हे त्याने तत्काळ ओळखले. महिपतरावांना जागा मिळाली.

त्यानंतर ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळ्या कचेऱ्यांत परातीएवढी चक्रे बसली. शिपाई पुरेनात, तेव्हा ढकलायला कारकून लावले. कारकुनांनीही पायगाड्या घेतल्या, तेव्हा त्यांच्यामागे नवी माणसे लावली. हे वाचून वाचकाला हसू येत असेल, तर त्याने खुशाल हसावे. मात्र हसून झाल्यावर एकदा मागे वळून आपली गाडी कोण ढकलतो आहे ते पाहावे. आणि मागे कोणीच दिसले नाही, तर आपले दोन्ही हात कोणाच्या गाडीला टेकले आहेत तेही पाहावे.