मोतीबाईंनी इंजिनिअरसाहेबांस पायी चालविले, ती हकिकत

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, भाद्रपद मासी भिवपुरी स्टेशनच्या रस्त्यावर जे रण माजले, ते घडले तैसे लिहिले असे; वाचणारांनी आधी रस्त्याच्या कडेस व्हावे.

गंगाजलनिर्मळ मोतीबाई दोडक्यांची पाटी मस्तकी घेऊन रोज दीड मैल स्टेशनापावेतो चालत. रस्त्यास फुटपाथ नाही. एकीकडे भाताची खाचरे, दुसरीकडे गटार, आणि मध्ये डंपरांची बेलगाम फौज. सून हर्षला सात महिन्यांची गरोदर, तीही दवाखान्यास मागोमाग येई, आणि दर भोंग्यासरशी बाईंचा जीव मागे वळे. मग बाईंनी कचेरीत अर्ज गुजारला. इंजिनिअर अनुपमसाहेब यांचा खलिता आला की, पाहणी केली, रस्ता चालण्यास सुरक्षित असे. बाईंनी चौकशी करविली, तों पाहणी जीपमधून जाहली ऐसे कळले. बाई संतापल्या आणि फर्मान सुटले, "सायबांना म्हनावं, एकडाव माज्यासंगं चाला. मंग काय लिवायचं ते लिवा."

साहेब मर्द, कबूल जाहले. आघाडीस बाई, मध्ये फाईल व चकचकीत बुटांसह साहेब, पिछाडीस हर्षला, ऐसी स्वारी निघाली. प्रथम रिक्षांची टोळी साहेबांचे कोपर चाटून गेली, साहेब हसले. मग टेंपो आला, हसू आटोपले. आणि वळणावर समोरून डंपर, मागून एस.टी., ऐसा दुतर्फा घेरा पडला.

बाईंनी सुनेस बांधावर ओढून पुकारा केला, "सायेब, उडी मारा!"

साहेबांनी फाईलसह खाचरात उडी टाकली, गुडघ्यापावेतो रुतले, आणि डावा बूट धरणीने गिळंकृत केला. हर्षला पोट धरून हसू लागली, बाईंनी पदर तोंडास लाविला.

साहेब चिखलातून पुसते जाहले, "आजी, रोज असंच असतं?"

"नाय वं. आज ऐतवार, गाड्या कमी हायती."

साहेब बांधावर चढून बसले आणि स्वदस्तुरे लिहिते जाहले की, रस्ता चालण्यास असुरक्षित, फुटपाथ तातडीने बांधणे.

फाल्गुन मासी काम तडीस गेले. तान्ह्या नातीस कडेवर घेऊन हर्षला आणि बाई पहिल्यानेच शेजारी शेजारी, गप्पा मारीत चालल्या. शेजारून डंपर भोंगा फुंकीत गेला, कोणी वळून पाहिले नाही. मुलूख काबीज जाहला: लांबी दीड मैल, रुंदी दोन बायका व एक पाटी. फत्ते दर्ज केली असे.