मुक्ताबाईंची गहूबंदी

मुक्ताबाईंनी गव्हाची कोठी रिकामी करायला घेतली तेव्हा त्यांचे यजमान बन्सीअण्णा दारातल्या ओट्यावर चपाती-भाजी खात बसले होते. या घरातली ही आपली शेवटची चपाती आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"रविवारी ईश्वरीचा वाढदिवस आपल्याकडं हाय," मुक्ताबाई आतून म्हणाल्या, "आन् केक मी करनार हाय."

ईश्वरी त्यांची पुण्याची नात. डॉक्टरांनी तिचा गहू बंद केला होता आणि दूधही. कुणाच्या वाढदिवसाला गेली की पोरगी घरून नेलेला डबा मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसायची. कुणी केक पुढं केला की शहाण्यासारखी म्हणायची, "मला चालत नाही." दिवाळीत श्रीगोंद्याला आली तेव्हा आजीच्या घरीही ती तसंच बसली, आणि ते मुक्ताबाईंच्या जिवाला लागून राहिलं. या पोरीनं एकदा तरी पंगतीत बसून, समोर येईल ते पोटभर खावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

सून सुकन्या फोनवर जरा घाबरतच बोलत होती. "आई, नुसतं वेगळं पीठ आणून भागत नाही. गव्हाचा कणसुद्धा लागायला नको. हिंगातही पीठ मिसळलेलं असतं."

"हिंगात?" मुक्ताबाईंनी हिंगाच्या डबीकडं सख्ख्या भावानं दगा दिल्यासारखं पाहिलं. "काडून टाकते. तू निवांत ये. हितं मी बसलीय."

आणि त्या खरंच बसल्या. गिरणीत आपलं दळण कुणाच्या तरी गव्हामागं पडतं, म्हणून त्यांनी तांदूळ, ज्वारी आणि नाचणी घरीच दळली, तीही मिक्सरचं नवं भांडं आणून. चाळणी नवी आणली. नारळ, गूळ, शेंगदाणे, साबुदाणा आणि घाण्याचं तेल येऊन पडलं. जुन्या मालाचं काय, हा प्रश्न उरला होता. अन्न टाकायचं नाही, तेव्हा मुक्ताबाईंनी डबे भरभरून शेजारी वाटले. गहू भागूबाईंना, मैदा आणि दुधाची पावडर समोरच्या रेश्माला, तुपाची बरणी लंकाबाईंना. संध्याकाळी फळ्या अशा चकाचक झाल्या की मुक्ताबाईंनी उगीचच दोनदा आत जाऊन पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्मा डबा परत घेऊन आली. डब्यात बालुशाही होती.

"तुमच्याच मैद्याची हाय, काकू."

मागोमाग लंकाबाई बरणी घेऊन आल्या. बरणीत तुपातला शिरा. भागूबाईंच्या डब्यात उन्हाळ्यात घातलेल्या गव्हाच्या कुरडया. आलेलं भांडं रिकामं परत करू नये, हा गल्लीचा कायदा, आणि तो सर्वांत कडकपणे पाळून घेणाऱ्या स्वतः मुक्ताबाई. रेश्मा नवी नवरी असताना तिनं एकदा यांची वाटी रिकामी धाडली होती, तर मुक्ताबाईंनी नळावर चार बायकांत तिची शाळा घेतली होती.

आता नाही कशा म्हणणार? त्यांनी बालुशाही भागूबाईंकडं धाडली, शिरा रेश्माकडं, कुरडया लंकाबाईंकडं. दुपारपर्यंत त्या भांड्यांतून लापशी, शंकरपाळे आणि खव्याच्या पोळ्या घरी आल्या. असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी घरात पूर्वी कधी नव्हते एवढे गव्हाचे आणि तुपाचे पदार्थ झाले. बन्सीअण्णांची मात्र तक्रार नव्हती.

"आपन गहू बाहेर काडतो," ते शंकरपाळे चावत म्हणाले, "आन् त्यो न्ह्यारी होऊन परत येतो. लई चांगली पद्धत हाय."

"गप बसा. आन् ते बाहेर जाऊन खा, कन सांडंल."

फोनवर सुकन्यानं विचारलं, "आई, झालं का सगळं साफ?" मुक्ताबाई लापशीच्या पातेल्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "झाल्यातच जमा हाय." फोन ठेवल्यावर मात्र त्या धसकल्या. एखादा कण केकात गेला तर पोरगी दुखणं काढणार, आणि पुन्हा आजीच्या घरात डब्याशिवाय पाऊल टाकणार नाही. तशाच उठून त्या रेश्माच्या दारात गेल्या.

"माजं पातेलं रिकामंच दे."

"कसं द्यायचं, काकू? तुमीच म्हनला हुता, रिकामं धाडलं की घराची बरकत जाती."

  मुक्ताबाईंनी आपल्या ओट्यावर येऊन तिघींनाही हाक मारली.

"उद्या वाढदिवसाला या. पर भांडं आनायचं न्हाई."

"मग काय रिकाम्या हातानं यायचं व्हय?" भागूबाईंनी विचारलं.

"हात धुऊन या. काय करायचं ते माज्या घरात, माज्या पिठाचं करा."

घरात जमलेलं सगळं बन्सीअण्णांनी टेम्पोत घालून साखर कारखान्याजवळच्या ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या कोप्यांवर नेलं. "भांड्यासकट देऊन या," मुक्ताबाईंनी बजावलं. "न्हाईतर तिकडनंबी काहीतरी येईल." मग त्यांनी सोडा घालून फळ्या पुन्हा घासल्या.

रविवारी स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. मुक्ताबाईंचा ज्वारी-तांदळाचा केक नारळाच्या दुधात कालवला होता आणि सकाळपासूनच तापल्या वाळूच्या पातेल्यात फुगत होता. तो होईपर्यंत भागूबाईंनी ज्वारीची धपाटी थापली, लंकाबाईंनी शेंगदाण्याचे लाडू वळले, रेश्मानं तांदळाचे घावन घातले. जी ती आपलंच आधी खायला घालत होती. डबा छातीशी धरून आलेल्या ईश्वरीनं आईला विचारलं, "हे चालतं?"

"चालतं."

"आणि हे?"

"तेही चालतं."

असं चार-पाचदा झालं. मग तिनं डबा खिडकीत ठेवला आणि विचारायचं सोडून दिलं.

संध्याकाळी केक कापला. सगळी गल्ली बघत होती. मुक्ताबाईंनी पहिला तुकडा नातीच्या तोंडाजवळ नेला, तर तिनं तोंड फिरवलं.

"नको, आज्जी."

मुक्ताबाईंनी तुकडा तसाच तिच्यापुढं धरून ठेवला. "अगं, गव्हाचा कन न्हाई त्यात. दुधाचा थेंब न्हाई. तुला चालतंय हे."

"चालतं गं," ईश्वरी म्हणाली, "पण माझं पोट भरलंय. आता बोटभरही जागा नाही."

दारात उभी असलेली सुकन्या हसायला लागली आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. मुक्ताबाईंच्या हातचं नको म्हणणाऱ्याची त्या गल्लीत आजवर धडगत नव्हती, म्हणून बाकी सगळ्यांची नजर त्यांच्याकडं वळली. मुक्ताबाईंनी तो तुकडा शांतपणे स्वतःच्याच तोंडात टाकला.

"ऐकलं का भागूबाई," त्या घास चावत म्हणाल्या, "प्वाट भरलं म्हनती पोरगी."