दोन रेघा आणि भरलेलं घर

तुम्हाला म्हणून सांगते, आमच्या घरात मला कळल्याशिवाय काही घडूच शकत नाही! बाथरूममधल्या केराच्या डब्यात चाचणीची पट्टी दिसली, तिच्यावर दोन ठसठशीत रेघा, आणि मी तिथल्या तिथे आजी झाले! सूनबाई कामावरून यायच्या आत बहिणीला, नणंदेला आणि विहीणबाईंना फोन करून मोकळीसुद्धा झाले.

सूनबाई दारातच थबकली. हॉलमध्ये बहीण, तिचे यजमान, नणंद. विहीणबाई तर बॅग घेऊनच! "आजपासून मी लेकीजवळ झोपणार. जावईबापू, तुमची गादी हॉलमध्ये!"

सूनबाईने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"आई, काय केलंत हे! ती गरोदरपणाची पट्टी नाही!"

"दोन रेघा होत्या की गं!"

"ती अंडं कधी सुटणार ते सांगते. माझी पाळी म्हणजे लहरी राजा, तारखा मोजून काहीच कळत नाही. म्हणून रोज तपासायचं. इतके दिवस दुसरी रेघ नुसती फिकट! आज कुठे गडद झाली."

"म्हणजे?"

"म्हणजे आज-उद्याच काय ते! आणि तुमचा मुलगा उद्या पहाटेच दौऱ्यावर चाललाय." तिने डोळे पुसले. "पुढची संधी कधी येईल, कुणास ठाऊक."

माझं तोंड इस्त्री फिरवल्यासारखं सपाट झालं. पोर किती दिवस एकटीच वाट बघत होती!

"रडू नकोस. घर रिकामं झालंच म्हणून समज!"

मी हॉलमध्ये गरजले, "डॉक्टरांनी हिला पूर्ण शांतता सांगितलीय! चला, सगळे बहिणीकडे मुक्कामाला!"

"माझ्याकडे?" बहीण किंचाळली. मी तिला चिमटा काढला.

विहीणबाई सोफ्याला डिंकासारख्या चिकटल्या. मी त्यांची बॅगच नेऊन गाडीत टाकली, तेव्हा बॅगेमागे त्या आल्या. पुढे बहिणीचे यजमान, मागे आम्ही चौघी, एकमेकींच्या मांडीवर. निघालो एकदाचे!

चौकात पोचेपर्यंत मला कसं पिसासारखं हलकं वाटत होतं. तेवढ्यात सूनबाईचा फोन.

"आई, घर अगदी रिकामं झालं."

"बघ! म्हटलं होतं ना!"

"हो. पण आई... गाडी कोण चालवतंय?"

मी समोर पाहिलं. चिरंजीवांनी आज्ञाधारकपणे मान वळवली.

"आई, मावशीकडे डावीकडूनच ना?"