वाघमारे सर अन् एक मिनिट

तुम्हाला एखादी गोष्ट आठवत नसली, तर वाघमारे सरांसमोर कोणी ती तुम्हाला सांगू नये. सांगणाऱ्याची खैर नाही.

सीमेवरच्या तलमडुगूच्या आमच्या शाळेत ते मराठी पोरांना तेलुगू शिकवतात, मी गणित. मोबाइलवर कुठंतरी मेंदूचं शास्त्र पाहिलं अन् माणूस कामातून गेला. एका पोरीला त्यांनी मिठाचं तेलुगू विचारलं अन् घड्याळ धरून उभे राहिले, एक मिनिट कोणी सांगायचं नाही. पोरगी छताकडे पाहे, वर्ग तिच्याकडे. हेडमास्तर दारात आले.

"काय चालू आहे, सर?"

"थांबा. डोकं शोधून राह्यलं."

पोरीनं शेवटी 'उप्पु' म्हटलं. आपण शोधला तर शब्द टिकतो, दुसऱ्यानं दिला तर जातो, असं सरांचं म्हणणं. मग तोच शब्द तीन दिवसांनी, पुन्हा आठ दिवसांनी. एकदा ऑटोत मला माझ्या साळ्याचं गाव आठवेना. ऑटोवाला त्याच गावचा, पण सरांनी त्याला तोंड उघडू दिलं नाही. त्या नादात आमची शाळा मागं राहिली.

पोळ्यानंतर वहिनींना, म्हणजे सरांच्या बायकोला, लकवा झाला. पाय सावरले, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द हळूहळू येतील. सरांनी भिंतीवर यादी लावली. महिन्याभरात पाणी आलं, चहा आला, जाऊबाईंवरची एक शिवीही आली.

"तुमचं नाव काऊन नाही यादीत?" मी विचारलं.

"ते तिनं कधी घेतलंच नाही हो. जे ठेवलंच नाही ते सापडन कुठून? मी तिचा 'अवो'. बत्तीस वर्षं. तेवढं एकच येऊन नाही राह्यलं." अन् उगाच चष्मा पुसत बसले.

मागच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. सर स्वतःच्या छातीवर बोट ठेवून वहिनींना विचारत होते, "हे कोण?" घड्याळ चालू. वहिनींचे ओठ हलत, डोळे भरत. चाळीस सेकंद झाले. मला पाहवेना.

"अवो म्हणा ना, वहिनी!"

झालं. सर ताडकन उठले. "मास्तर माणूस ना तुमी? नासवलं सगळं! आता आठ दिवस हा शब्द बंद!" मला हाताला धरून त्यांनी अंगणात आणलं, फाटकापर्यंत बडबडत आले. चूक माझीच होती.

"अवो!"

आवाज मागून आला. मी वळणार, तर सरांनी माझं मनगट दाबलं.

"वळू नका. बोलू द्या तिला."

"अवो!"

"आता तरी वळा, सर."

"अजून एक डाव म्हणू द्या."

"अवो! चप्पल!"

सर अनवाणीच बाहेर आले होते. वहिनी चांगल्याच चिडल्या होत्या, अन् सर फाटक धरून रडून राह्यले होते.