पाहणीवाल्या साहेबांचा पाहुणचार

आमच्या घरी आलेला माणूस उभ्याउभ्या परत गेला, असं आजवर झालेलं नाही आणि माझ्या हातात इस्त्री आहे तोवर होणारही नाही! घर म्हणजे एक खोली. तिच्यात मी लोकांचे कपडे इस्त्री करते, आमचे हे फरशा बसवायला जातात, आणि सासूबाई दोन वर्षं खाटेवर आहेत. पाय गेले, जीभ शाबूत. त्यांची इच्छा एकच, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. सरकारकडून चाकांची खुर्ची मिळते असं कळलं आणि मी कंबर कसली.

पहिल्या दिवशी कचेरीत फोटो लहान निघाला. दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर. तिसऱ्या दिवशी म्हातारीला समक्ष आणा म्हणाले, म्हणून ह्यांनीही कामाला खाडा करून आईला पाठुंगळीला मारलं. माझी इस्त्री तीन दिवस गार. वर खिडकीतून उत्तर आलं, "साहेब घर पाहायला येतील, मग ठरवू."

साहेब घरी येणार! पण बसणार कशावर? आमच्याकडे एक स्टूल, त्याचाही एक पाय रुसलेला.

मी शेजारच्या शिंपीणकाकूंकडे दोन खुर्च्या मागितल्या. झालं, बातमी गल्लीभर. काकूंनी खुर्च्यांबरोबर पडदे दिले. टेम्पोवाल्या भाऊजींनी साहेबांना गार पाणी हवं म्हणून आपला फ्रिज आणून ठेवला. सलूनवाल्याने दुकानातला गिऱ्हाइकांचा सोफाच उचलून आणला. दोरीवर लोकांचे सात कोट कडक इस्त्री करून लटकत होतेच. खोली पाहून माझा ऊर भरून आला.

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "माझी खाट तुम्ही दुसऱ्याच्या घरात तर नाही ना ठेवली?"

साहेब आले. सोफ्यावर टेकले, गार पाणी प्यायले, वही काढली.

"फ्रिज चालतो?"

"चालतो म्हणजे काय, बर्फसुद्धा होतो."

"आणि हे कोट?"

"रोजचेच आहेत, साहेब."

ते लिहीत गेले, मी फुलत गेले. शेवटी वही मिटून म्हणाले, "ताई, तुम्ही गरिबांच्या यादीत बसत नाही. खुर्ची विकत घ्या."

मी दारात आडवी उभी राहिले. "अहो, यातलं आमचं काहीच नाही. शेजाऱ्यांना विचारा हवं तर."

शेजारी बाहेरच घुटमळत होते. आत काय झालं त्याचा त्यांना पत्ता नव्हता. साहेबांनी विचारताच काकूंनी मला डोळा मारला. आपल्या माणसाची लाज राखायला हवी ना! "छे, सगळं हिचंच," त्या ठणकावून म्हणाल्या. "मिरवत नाही एवढंच."

"टेम्पोसुद्धा घेणार होते," भाऊजींनी भर घातली. "लावायला जागा नाही म्हणून राहिलं."

मला रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "साहेब, जरा उठा आणि मागे वाचा."

साहेब उठले. सोफ्याच्या पाठीवर सलूनवाल्याने ठळक रंगवलं होतं : नंबर येईपर्यंत थांबावे. उधारी मागू नये.

साहेब हसले. पण सरकारीच हसले. "ठीक आहे. ज्याची वस्तू, त्याने कचेरीत येऊन तसं लिहून द्यायचं. प्रत्येकाने स्वतः."

मग काय, गल्ली निघाली. काकूंचं मशीन बंद, भाऊजींचं भाडं बुडालं, सलूनला दोन दिवस कुलूप. कोटांचे सातही मालक आपापलं काम सोडून रांगेत उभे राहिले. खिडकी दुपारी मिटली, म्हणून दुसऱ्या दिवशी परत सगळे हजर. एकानेही कुरकुर केली नाही. असा शेजार मिळायला नशीब लागतं, हे मी छातीठोकपणे सांगते.

खुर्ची आली. सासूबाई तिच्यात ताठ बसून गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या, मागे आम्ही सगळे. तिथे त्यांनी चहूकडे डोळे भरून पाहिलं आणि म्हणाल्या, "थांबलात का? अजून पुढे चला." मी खुर्ची पुढे ढकलली.

परत येताना सलूनवाला बोटं मोजत होता. "वहिनी, सगळ्यांचे खाडे धरले ना, तर अशा तीन खुर्च्या विकत आल्या असत्या."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले. "ही फुकट मिळाली आहे."