बिनजोड

खिडकी लावताना पालीचं शेपूट सापडून तुटलं तेव्हा रफूवाल्या मास्तरांना वाईट वाटलं होतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. तुटका तुकडा शिलाई मशीनवर वळवळत राहिला आणि तेवढा वेळ मास्तर दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. पण दोनेक महिन्यांत पालीला नवं शेपूट फुटलं आणि मास्तरांच्या सुखी संसाराला दृष्ट लागली.

शेजारी बसून काजं-बटणं करणारी त्यांची बायको येईल त्या गिऱ्हाइकाला भिंतीवरची पाल दाखवू लागली. "ना सुई, ना दोरा. आणि बघा, जोडसुद्धा दिसत नाही."

जोड दिसत नाही, हे शब्द त्या दुकानात तीस वर्षं फक्त मास्तरांच्या हातासाठी राखीव होते आणि म्हणणारं तोंडही हेच होतं. मास्तरांचा जळफळाट झाला. एखाद्या माणसाचा हेवा वाटला असता तर निदान चारचौघांत बोलता आलं असतं. पालीवर जळतो म्हणून कुणाला सांगणार? त्यांची अन्नावरची वासनाच उडाली.

शेवटी बायकोला जोड दाखवायचाच, असं त्यांनी ठरवलं. ती दोरा आणायला गेली होती आणि मास्तर वकीलसाहेबांच्या काळ्या कोटाला इस्त्री करत होते. कोपराचं बारीक भोक त्यांनी नुकतंच भरलं होतं, तेही एक डोळा भिंतीवर ठेवून. तेवढ्यात पाल हाताच्या अंतरावर आली. मास्तर भिंग घेऊन स्टुलावर चढले आणि त्यांना जोड दिसला. अंगावर ठिपके होते, नवं शेपूट मात्र साफ कोरं.

"डिझाइन जुळलेलं नाही," मास्तर समाधानाने पालीला म्हणाले. मग जळका वास आला.

इस्त्री कोटाच्या पाठीवरच राहिली होती. तिच्या टोकाखाली लिंबाएवढं भोक पडलं होतं.

पालीच्या नादात कोट जाळला, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांनी तिला तीन दिवस बहिणीकडे राहून यायला सांगितलं. लग्नानंतर ते पहिल्यांदाच असं म्हणाले, त्यामुळे ती जरा बिचकतच गेली. मास्तरांनी कोटाच्या आतल्या दुमडीतला एकेक धागा ओढून काढला आणि मान मोडून भोक विणत बसले. चौथ्या दिवशी डोळे मिटून पाठीवरून बोट फिरवलं तर कुठे काही लागेना. असं काम त्यांच्या हातून जन्मात झालं नव्हतं.

वकीलसाहेब आले. शिरस्त्याप्रमाणे कोट आधी बहिणीकडून परतलेल्या बाईंनी तपासला. त्यांचा हात पाठीवरून सरळ घसरत गेला आणि कोपरावर थांबला.

"इथं दिसतंय हो. हात उतरला वाटतं तुमचा."

वकीलसाहेबांनी भिंतीवरच्या पालीकडे बघितलं आणि हिचं काम जास्त सफाईदार आहे, असं हसत म्हणाले.

मास्तर गप्प बसणार होते. शहाणपण त्यातच होतं. पण बायकोही हसली, आणि ते मात्र त्यांना सहन झालं नाही.

"पाठ बघा," ते म्हणाले. "इस्त्रीनं जाळली होती मी. लिंबाएवढं भोक होतं तिथं."

वकीलसाहेबांनी कोट उजेडात नेला. बाईंनी भिंग लावलं. मग दोघांनीही मास्तरांकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"पुरावा काय, मास्तर?"

"मनावर घेऊ नका साहेब," बाई हळूच म्हणाल्या. "पालीचा विषय निघाला की हल्ली ते असंच काहीबाही बोलतात."

मास्तरांनी कोट हिसकावून घेतला, खिडकीशी धरला, इंच इंच चाचपला. भोक कुठं होतं, ते त्यांचं त्यांनाही सापडेना.