हुपरीकरांची पहिली आवृत्ती

प्रकाशन समारंभात चुकून पुस्तकाऐवजी लेखकाचंच प्रकाशन झालं, आणि झालेलं प्रकाशन मागे घेता येत नसल्यामुळे त्रिंबकराव हुपरीकरांना दुसऱ्या दिवसापासून विक्रीसाठी बाहेर पडावं लागलं.

चूक तशी कोणाचीच नव्हती. भूमापन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्रिंबकरावांनी ‘अस्तित्वाच्या पारावरून’ नावाची कादंबरी लिहिली आणि गावातल्याच देवळेकर प्रकाशकांनी ती छापली. समारंभ रीतीप्रमाणे ठरला होता. आधी शाल-श्रीफळ देऊन लेखकाचा सत्कार, मग चकचकीत कागदात बांधलेल्या पुस्तकांचं प्रकाशन. पण पुस्तकांचा गठ्ठा आणणारा टेम्पो नाक्यावर पंक्चर झाला. प्रमुख पाहुणे, माजी प्राचार्य कात्रे, यांना पुढे एका वास्तुशांतीला जायचं होतं आणि त्यांचा चष्मा गाडीत राहिला होता. निवेदिकेने प्रकाशनाची विनंती केली तेव्हा प्राचार्यांना व्यासपीठावर गुंडाळलेली अशी एकच वस्तू दिसली. त्यांनी शालीचं टोक धरून ती अलगद उलगडली, आतल्या त्रिंबकरावांना प्रेक्षकांकडे तोंड करून छातीशी धरलं आणि म्हणाले, “प्रकाशित झालं असं मी जाहीर करतो.” टाळ्या झाल्या, फोटो निघाले. त्रिंबकराव फोटोत हसले, कारण फोटोत हसायचं असतं.

“अहो, पण पुस्तकाचं काय?” त्यांनी मागाहून देवळेकरांना विचारलं.

“पुस्तक आता कसं काढणार? पेपरात बातमी गेली, हुपरीकरांचं प्रकाशन झालं म्हणून. एका लेखकाची दोन प्रकाशनं एका मोसमात मी करत नाही. तुम्हीच जरा नेटाने उभे राहा.”

“मी?”

“पहिली आवृत्ती. प्रत एकच आहे, म्हणजे दुर्मिळ म्हणूनसुद्धा खपवता येईल.”

‘दुर्मिळ’ या शब्दाने त्रिंबकराव विरघळले. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होण्याची त्यांना पहिल्यापासून सवय होती. माल गोदामात राहतो या नियमाने ते देवळेकरांच्या गोदामात झोपू लागले. पत्नी कुमुदताई डबा पाठवत. सोबत चिठ्ठी नसे, पण लोणचं असे.

प्रचाराचा दौरा सांगलीच्या प्रदर्शनापासून सुरू झाला. देवळेकरांनी त्रिंबकरावांच्या सदऱ्याच्या पाठीवर मजकूर चिकटवला: ‘मराठी मनाचा तळ ढवळणारा माणूस.’ लोक येत, त्यांना पाठमोरं करून मजकूर वाचत, पुन्हा सरळ करत आणि पुढच्या टेबलावरची पाककृतींची पुस्तकं बघत. एक बाई बराच वेळ रेंगाळल्या. त्रिंबकरावांच्या आशा पल्लवित झाल्या.

“केवढं आहे हे?” बाईंनी विचारलं.

“एकसष्ट वर्षांचं,” देवळेकर म्हणाले.

“अगं बाई, मोठंच की! छोटं नाही का काही? प्रवासात वाचायला हवंय.”

बार्शीला एका समीक्षकांना त्यांची भेट प्रत पाठवली. त्रिंबकराव स्वतःच एसटीने गेले आणि आठवडाभर समीक्षकांच्या टीपॉयवर, म्हणजे टीपॉयशेजारच्या स्टुलावर, बसून राहिले. समीक्षक येता-जाता त्यांच्याकडे बघत. शेवटी म्हणाले, “चाळलं मी तुम्हाला. लिहितो सवडीने.” लिहिलं नाही. गावात तर आनंदच होता. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण त्रिंबकरावांचा सख्खा मावसभाऊ त्यांना बघून म्हणाला, “आम्ही का विकत घ्यायचं? आम्हाला तू लहानपणापासून फुकट मिळतोयस.” या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती आणि त्याचंच त्रिंबकरावांना वाईट वाटलं.

अखेर देवळेकरांनी त्यांना गावातल्या वाचनालयाला देऊन टाकलं. ग्रंथपाल खराडेबाईंनी त्यांच्या मनगटावर शिक्का मारला, कादंबरी विभागात दोन कपाटांच्या मध्ये एक खुर्ची दिली आणि नियम सांगितला.

“हे बघा हुपरीकर, वार्षिक तपासणी जवळ आलीय. वर्षात एकाही सभासदाने शेवटपर्यंत न वाचलेली पुस्तकं समिती रद्दीत काढते. मी काही करू शकत नाही.”

“रद्दीत म्हणजे?”

“रद्दीवाला येतो. तागडीत घालतो. तुमचं वजन बरं आहे, त्याची तक्रार नसेल.”

 कोणी वाचलं नाही तर मानभंग होतो एवढंच त्रिंबकरावांना माहीत होतं. पण हा प्रश्न आता जिवाचा झाला होता.

तसे वाचक येत. त्रिंबकरावांना घरी नेत, समोर बसवत आणि “हं, सुरू करा,” म्हणत. त्रिंबकराव जन्मापासून सुरू करत. बालपण बरं जाई. विहिरीत पडलेल्या म्हशीचा प्रसंग तर लोक दोनदा ऐकत. पण विसाव्या वर्षी त्रिंबकरावांना जीवनाचा अर्थ उमगायला लागे, आणि तिथे वाचकांना डुलक्या येत. मग जो तो खूण म्हणून त्यांच्या खिशात बसचं तिकीट खोचून त्यांना परत आणून देई. त्यांचा खिसा तिकिटांनी फुगला होता आणि सगळी तिकिटं एकाच पानावरची होती.

“तेवढा भाग गाळा की,” खराडेबाई म्हणाल्या.

“गाळू कसा? तोच तर गाभा आहे.”

“मग गाभ्यासकट जाल रद्दीत.”

तपासणीच्या आदल्या आठवड्यात कुमुदताई वाचनालयात आल्या. त्यांनी अनामत भरून रीतसर सभासदत्व घेतलं, पदराने चष्मा पुसला आणि कादंबरी विभागात येऊन नवऱ्याकडे बोट दाखवलं.

“हे द्या.”

“घरचंच आहे की तुमच्या,” खराडेबाई म्हणाल्या.

“घरचं आहे म्हणूनच राहून गेलं.”

घरी आल्यावर कुमुदताईंनी त्यांना झोपाळ्यावर बसवलं आणि समोर शेवग्याच्या शेंगा मोडायला घेतल्या. त्रिंबकरावांनी सुरुवात केली. म्हैस विहिरीत पडली, कुमुदताई हसल्या. जीवनाचा अर्थ उमगू लागला, त्यांनी शेंगा धुऊन आमटी फोडणीला टाकली, पण स्वयंपाकघरातून “हं, हं,” येत राहिलं. विसावं वर्ष संपलं. त्रिंबकराव झोपाळ्यावर सावरून बसले. या पानापुढे आजवर कोणीच आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेही फारसे फिरकले नव्हते.

सव्विसाव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. कुमुदताई हात पुसत बाहेर आल्या आणि समोर बसल्या.

“‘याच सुमारास माझा विवाह झाला,’” त्रिंबकराव म्हणाले, “‘पुढे माझी जत तालुक्यात बदली झाली आणि तिथल्या माळरानाने मला अंतर्मुख केलं.’”

“थांबा. माझं झालं?”

“झालं.”

“एवढंच?”

“पुढे एके ठिकाणी तुझा चहा आहे.”

 त्रिंबकरावांना आपली लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत. आता तिकीट खोचलं जाणार, म्हणून त्यांनी खिसा पुढे केला. पण कुमुदताई म्हणाल्या, “पुढे.” त्या चहापर्यंत आल्या, चहा मागे टाकला, दोन बढत्या, मोतीबिंदू, निवृत्ती, कादंबरी, शाल, गोदाम, स्टूल असं सगळं त्यांनी आमटी-भात वाढता वाढता ऐकलं. शेवटी त्रिंबकराव म्हणाले, “‘मग तू आलीस आणि मला घरी नेलंस.’ संपलं.”

“बरं,” म्हणून कुमुदताईंनी ताटं उचलली.

 कसं वाटलं हे विचारायला त्रिंबकरावांची जीभ रेटेना. बायकोच्या ‘बरं’चे किती अर्थ होतात हे जमीन मोजणाऱ्या माणसालाही आजवर मोजता आलं नव्हतं. मुदत भरली त्या सकाळी कुमुदताईंनी पिशवी घेतली आणि त्यांना वाचनालयात नेऊन टेबलापुढे उभं केलं.

“शेवटपर्यंत वाचलंत?” खराडेबाईंनी विचारलं.

“अक्षरन् अक्षर.”

खराडेबाईंनी नोंद केली. त्रिंबकराव रद्दीतून सुटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पुस्तकाला सर्दी झाली असं समजून खराडेबाईंनी पंखा बंद केला.

“कसं आहे पण?” बाईंनी कुमुदताईंना विचारलं.

 सांगली झाली, बार्शी झाली, पण एवढी धाकधूक त्रिंबकरावांना कुठेच झाली नव्हती.

“मध्ये भारी पाल्हाळ आहे,” कुमुदताई म्हणाल्या. “स्वतःविषयीच फार. आणि चांगली माणसं दोन ओळींत उरकलीत.”

“मग दुसरं देऊ? परवाच नवीन आलीत.”

कुमुदताईंनी कपाटाकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं, आधी समोरून, मग पाठमोरं करून. पाठीवरचा तळ ढवळणारा मजकूर त्यांनी नखाने खरवडून काढला आणि चुरगाळून टोपलीत टाकला.

“नको,” त्या म्हणाल्या. “हेच परत माझ्या नावावर घाला.”

“अहो, वाचून झालं ना?”

“वाचायला नकोय. घरात असावं आपलं.”

खराडेबाईंनी नवी तारीख टाकली. त्रिंबकरावांना हे कौतुक आहे की काय आहे ते नीट कळलं नाही, पण आजवर त्यांच्यावर आलेला हा एकमेव अभिप्राय होता. ते कुमुदताईंच्या मागोमाग पायऱ्या उतरले. मंडईत त्यांनी भाजीची पिशवी धरली आणि घर येईपर्यंत एक वाक्यही बोलले नाहीत.